भरून आलेला अर्ज वाचून पाहावा

शासनाच्या कोणत्याही योजनेचा लाभ घ्यावयाचा म्हणजे प्रथम अर्ज आला. काही वर्षांपूर्वीपर्यंत हा अर्ज म्हणजे कोरा छापील कागद असे. सातबारा समोर ठेवून त्यावरील नाव, खाते क्रमांक, गट क्रमांक व क्षेत्र शेतकऱ्याने अथवा त्याच्या वतीने एखाद्या लिहित्या माणसाने एकेक करून अर्जात उतरवावे, असा प्रघात होता. आज बहुतेक अर्ज संगणकावर किंवा मोबाईलवर भरले जातात, आणि त्यांतील पुष्कळसे रकाने अर्जदाराने हात लावण्यापूर्वीच भरलेले असतात. गाव निवडले की खातेदारांची यादी समोर येते. खातेदार निवडला की खाते क्रमांक, गट क्रमांक आणि क्षेत्र आपोआप आपापल्या जागी येऊन बसते.

ही सोय निःसंशय चांगली आहे. उतरवून काढताना होणाऱ्या चुका तिच्यामुळे टळतात, ज्याला लिहिता येत नाही त्याचे परावलंबन कमी होते व वेळ वाचतो. कोरा कागद परत आणावा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु लिहिण्याचे कष्ट वाचले म्हणून वाचण्याचे कामही संपले, असा जो समज गावोगाव रूढ होत आहे, तो शेतकऱ्याच्या हिताला बाधक आहे. भरून आलेला अर्ज हा भरलेला अर्ज नव्हे. तो तपासावयाचा अर्ज होय. ही गोष्ट गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या व शेतकरी बंधु-भगिनींच्या ध्यानात आणून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अर्ज आपोआप भरतो म्हणजे काय होते?

यात दोन वस्तू असतात. एक साचा आणि दुसरी संगणकात ठेवलेली नोंदवही, जिला डेटाबेस म्हणतात. साचा म्हणजे काय हे आपणांस ठाऊकच आहे. ग्रामपंचायतीच्या छापील दाखल्यात ‘दाखला देण्यात येतो की श्री. अमुक, राहणार अमुक’ अशा मोकळ्या जागा सोडलेल्या असतात. संगणकातील अर्जाचा साचाही असाच असतो. फरक एवढाच की त्यातील प्रत्येक मोकळ्या जागेला एक नाव दिलेले असते, आणि त्या नावाचा स्तंभ नोंदवहीत असतो. आपण खातेदार निवडला की संगणक नोंदवहीतील त्या खातेदाराची ओळ शोधतो, आणि ज्या स्तंभात जे असेल ते त्या नावाच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. संगणकाला नाव म्हणजे काय, क्षेत्र म्हणजे काय, हे उमगत नाही. बाजार समितीच्या आवारात एका जागेवरचे पोते दुसऱ्या जागी नेणारा हमाल पोत्याचे तोंड उघडून आतील माल पाहत नाही. नेमून दिलेल्या थप्पीवर ते टाकून तो मोकळा होतो. अर्ज भरणारी यंत्रणा हे हमालाचेच काम करते. पोत्यात किडका माल असेल तर तो तसाच पुढे जाईल. दोन पोत्यांची अदलाबदल झाली असेल तर तीही तशीच पुढे जाईल. माल पाहण्याचे काम ज्याचा माल आहे त्याने व त्याला साहाय्य करणाऱ्या कार्यकर्त्याने केले पाहिजे.

पूर्वी एका अर्जात चूक झाली तर नुकसान त्या एकाच अर्जापुरते असे. आता तसे राहिलेले नाही. ॲग्रिस्टॅक योजनेखाली शेतकऱ्याला ओळख क्रमांक देण्यात येतो, आणि महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषि विभागाच्या योजनांसाठी तो आवश्यक करण्यात आला आहे. या क्रमांकाला शेतकऱ्याची जमीन व त्याची ओळख जोडलेली असते. म्हणजे एकाच ठिकाणची माहिती अनेक अर्जांच्या साच्यांत जाणार. ती बरोबर असेल तर शेतकऱ्याचे अनेक हेलपाटे वाचतील. चुकीची असेल तर एकच चूक प्रत्येक दारात त्याच्या आधी जाऊन उभी राहील.

चुका कोठे शिरतात?

पहिली व सर्वांत दुःखदायक चूक जुन्या नोंदीची. खातेदार निवर्तला, परंतु वारसांची नोंद झाली नाही, असे प्रसंग प्रत्येक गावात आहेत. शेत विधवा पत्नी कसते, पेरणी ती करते, अतिवृष्टीने पीक गेले तर नुकसान तिचे होते. परंतु अर्जाच्या रकान्यात येते ते तिच्या निवर्तलेल्या पतीचे नाव. साच्याने येथे काहीही चुकीचे केलेले नाही. नोंदवहीत जे आहे तेच त्याने प्रामाणिकपणे आणून ठेवले. परंतु मदतीची रक्कम बँकेत जाताना नाव एकाचे आणि खाते दुसऱ्याचे अशी विसंगती उत्पन्न होते व ती माउली कार्यालयाच्या पायऱ्या झिजवीत राहते.

दुसरी चूक नावाच्या फोडीची. सातबारावर नाव लिहिण्याच्या आपल्याकडे अनेक रीती आहेत. ‘शंकर उर्फ बाळू’ अशी नोंद असते. अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता असे लिहून पालकाचे नाव दिलेले असते. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याच्या नावापुढेही अशीच आद्याक्षरे येतात. शब्दांमधील मोकळी जागा पाहून नाव, वडिलांचे नाव व आडनाव अशी तीन भागांत फोड करणारा साचा असेल, तर वडिलांच्या नावाच्या रकान्यात ‘उर्फ’ हा शब्द येऊन बसतो. पाहणाऱ्याला हसू येईल, पण आधारवरील नावाशी हे नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडकला की ज्याचा तो अर्ज आहे त्याला हसू येत नाही.

तिसरी चूक सामाईक खात्याची. एका गटावर चार भावांची व दोन बहिणींची नावे असतील, तर नोंदवहीत त्या गटासाठी सहा ओळी सापडतात. साचा करणाराने एकाच नावासाठी जागा सोडली असेल, तर पहिली ओळ रकान्यात बसते आणि उरलेली पाच नावे दिसतच नाहीत. ज्याचे नाव दिसते त्याला संपूर्ण गटाचे क्षेत्र आपल्याच नावे आल्यासारखे वाटते; ज्याचे दिसत नाही तो आपले नाव सातबारावरून उडाले अशा समजुतीने घाबरून जातो. दोघांचाही समज चुकीचा असतो. परंतु भाऊबंदकीला एवढे निमित्त पुरते.

चौथी चूक क्षेत्राची. एक हेक्टर म्हणजे शंभर आर. पाच आर क्षेत्र दशांशात ०.०५ असे लिहावे लागते, ते ०.५ असे लिहिले गेले तर पन्नास आर होते. एका शून्याने क्षेत्र दहापट होते किंवा दहावा हिस्सा उरतो. तसेच गटाचे एकूण क्षेत्र, पोटखराबा आणि लागवडीयोग्य क्षेत्र हे तीन निरनिराळे आकडे आहेत. यांपैकी कोणता आकडा रकान्यात आला आहे, हे रकान्याचे शीर्षक वाचल्याशिवाय कळत नाही. शून्याचाच आणखी एक प्रकार बँक खात्याच्या क्रमांकात आढळतो. काही खाते क्रमांकांचा आरंभ शून्याने होतो. संगणकात तो क्रमांक साधी संख्या म्हणून साठविला गेला तर आरंभीची शून्ये गळून पडतात. म्हणून पासबुकावरील अंक व रकान्यातील अंक मोजून पाहावेत.

पाचवी चूक कोऱ्या जागेची. जेथे अनेक पर्यायांतून एक निवडावयाचा असतो, तेथे नोंदवहीत काहीच माहिती नसली तर कित्येक साचे यादीतील पहिला पर्याय दाखवून मोकळे होतात. सिंचनाचे साधन, पिकाचे नाव, सामाजिक प्रवर्ग अशा रकान्यांत हे घडू शकते. रकाना भरलेला दिसतो. वास्तविक तो कोणीच भरलेला नसतो. कोरा रकाना निदान ओरडून सांगतो की मला भरा. असा खोटा भरलेला रकाना मात्र गप्प बसतो. सर्व चुकांत ही चूक ओळखण्यास अधिक कठीण आहे.

सहावी चूक शेजारच्या अर्जाची. सेवा केंद्रावर एकाच संगणकावर दिवसभर अनेकांचे अर्ज भरले जातात. आधी टंकलेली माहिती लक्षात ठेवून ती पुढच्या वेळी सुचविण्याची संगणकाला सवय असते. त्यामुळे आधीच्या अर्जदाराचा किंवा केंद्रचालकाचाच मोबाईल क्रमांक दुसऱ्याच्या अर्जात जाऊन बसण्याचा संभव असतो. असे झाले की त्या अर्जाविषयीचा प्रत्येक संदेश व परवलीचा आकडा भलत्याच माणसाच्या मोबाईलवर जातो. आपल्या अर्जात त्रुटी निघाली आहे हे शेतकऱ्याला मुदत संपल्यावर कळते.

चावडी वाचनाचा धडा

यावर उपाय नवीन शोधावयाचा नाही. तो आपल्या गावच्या रीतीतच आहे. हस्तलिखित सातबारा व संगणकीकृत सातबारा यांत तफावत राहू नये म्हणून २०१७ साली राज्यात चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकात उतरविलेल्या नोंदी गावकऱ्यांसमोर वाचून दाखवाव्यात, ज्याची नोंद चुकली असेल त्याने तेथेच सांगावे, आणि मग ती दुरुस्त करावी, असा तिचा उद्देश होता. पुढे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. स्वाक्षरीच्या आधी वाचन, हा तो क्रम होता.

प्रत्येक भरून आलेल्या अर्जाचे असेच एक लहानसे चावडी वाचन व्हावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. अंतिम बटण दाबण्यापूर्वी कार्यकर्त्याने किंवा केंद्रचालकाने सर्व रकाने मोठ्याने वाचावेत आणि अर्जदाराने ऐकावेत. यास पाच मिनिटेही लागत नाहीत. मात्र वाचण्याची रीत महत्त्वाची आहे. ‘काका, सगळे बरोबर आहे ना?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ असेच येते; कारण मागे रांग उभी असते आणि साहेबांना अडविणे प्रशस्त वाटत नाही. त्याऐवजी ‘काका, आपले आधारवरचे पूर्ण नाव सांगा’, ‘मावशी, या गटात आपला हिस्सा किती?’, ‘आपला मोबाईल नंबर सांगा’ असे विचारावे, आणि येणारे उत्तर रकान्याशी ताडून पाहावे. उत्तर अर्जदाराच्या तोंडून यावे, रकान्यातून नव्हे.

याला एक नैतिक बाजूही आहे. बहुतेक अर्जांच्या शेवटी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ असे स्वयंघोषणापत्र असते. म्हणजे ज्या माहितीतील एक अक्षरही शेतकऱ्याने लिहिलेले नाही, तिच्या खरेपणाची हमी तो आपल्या नावाने देतो. माहिती कार्यालयाच्या दप्तरातून आली, साचा दुसऱ्या कोणी केला, बटण तिसऱ्याने दाबले; पण चूक निघाली की जाब शेतकऱ्यालाच विचारला जातो. ज्याच्याकडून हमी घ्यावयाची त्याला ती माहिती आधी वाचून दाखविणे हे त्याच्यावर केलेले उपकार नव्हेत. ते आपले कर्तव्य आहे.

दोन आक्षेप

यावर कोणी म्हणेल की, मुदतीच्या अखेरच्या दिवशी केंद्रावर झुंबड उडालेली असते. तेथे वाचत कोण बसणार? आक्षेप खोटा नाही. परंतु न वाचता वाचविलेली पाच मिनिटे पुढे कितीतरी पटींनी परत द्यावी लागतात. चुकीच्या अर्जापायी शेतकऱ्याचा तालुक्याच्या गावी जाण्याचा दिवस मोडतो, मजुरी बुडते, प्रवासखर्च होतो आणि कार्यकर्त्यालाही तेच प्रकरण पुन्हा हातात घ्यावे लागते. खरा उपाय म्हणजे अखेरच्या दिवसाची वाट न पाहणे. हे काम हंगामाआधी उरकता येते.

दुसरा आक्षेप असा की, आलेला रकाना बदलताच येत नाही, तेव्हा वाचून उपयोग काय? जमिनीच्या नोंदीचे रकाने बंद ठेवलेले असतात हे खरे, आणि ते योग्यच आहे. कोणीही उठून अर्जातच आपले क्षेत्र वाढवू लागला तर अभिलेखाला अर्थ उरणार नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? पोहरा पुन्हापुन्हा हलवून उपयोग नाही. आड स्वच्छ केला पाहिजे. वाचनाचा उपयोग हाच की कोठला आड उपसावयाचा ते कळते.

वारसाची नोंद राहिली असेल तर ती प्रथम करून घ्यावी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत देणे अपेक्षित आहे. मुदत टळून गेली असली तरी नोंद करून घेण्याचे टाळू नये. गाव ज्यांना तलाठी म्हणून ओळखते त्या महसूल अधिकाऱ्यांकडे, अथवा ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या, हा अर्ज करता येतो. नाव किंवा क्षेत्र लिहिताना हस्तदोष झाला असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीसाठी अर्ज करावा. आधारवरील नाव चुकले असेल तर आधार केंद्रावर, आणि खात्याचा तपशील चुकला असेल तर बँकेत जावे. प्रत्येक दुरुस्ती-अर्जाची पोच जपून ठेवावी.

पीक मात्र शेतकऱ्यालाच विचारावे

काही माहिती दप्तरातून घ्यावी आणि काही दर वेळी नव्याने विचारावी, हा विवेक साचा करणाराला असावा लागतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत तो दिसून येतो. त्यात खातेदाराचे नाव, गट व क्षेत्र अभिलेखातून येते. परंतु पीक कोणते, किती क्षेत्रावर, केव्हा पेरले हे शेतकऱ्याने शेतात जाऊन सांगावयाचे असते व पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे असते. २०२२ साली सुधारलेल्या आवृत्तीत आपण केलेली नोंद ४८ तासांच्या आत दुरुस्त करण्याची सोयही देण्यात आली.

जे वर्षानुवर्षे सहसा बदलत नाही ते दप्तरातून यावे. जे हंगामागणिक बदलते ते माणसालाच विचारावे. काम लवकर उरकावे म्हणून गेल्या हंगामाचे पीक रकान्यात आधीच भरून ठेवावे, अशी सूचना कधी पुढे आली तर तिला माझा विरोध राहील. गतवर्षी सोयाबीन होते म्हणून यंदाही रकान्यात सोयाबीन येईल. घाईत ते तसेच पुढे जाईल. आणि शेतात मात्र तूर उभी असेल. हमीभावाने विक्री करावयाची असो वा पीक विम्याची भरपाई मागावयाची असो, कागदावरील पीक व शेतातील पीक एक नसेल तर शेतकऱ्याची बाजू लंगडी पडते.

साचा करणाऱ्यांना विनंती

सर्व भार शेतकरी व कार्यकर्ते यांच्यावरच टाकणे न्यायाचे होणार नाही. अर्जाचे साचे तयार करणाऱ्यांनीही पुढील गोष्टी पाळाव्यात, अशी विनंती आहे.

१) आपोआप आलेला रकाना व अर्जदाराने भरावयाचा रकाना रंगाने वेगळे दिसावेत. आलेल्या रकान्याजवळ ती माहिती कोणत्या दप्तरातून व कोणत्या तारखेची आहे हे लिहावे.

२) नोंदवहीत जागा कोरी असेल तर अर्जातही ती कोरीच ठेवावी. यादीतील पहिला पर्याय निवडलेला दाखवू नये. ‘निवडा’ एवढाच शब्द तेथे असावा.

३) सामाईक खात्यात सर्व हिस्सेदारांची नावे दाखवावीत व अर्जदार त्यांपैकी कोण हे त्याला विचारावे.

४) शेवटचे पान मराठीत, ठळक अक्षरांत, वाचून दाखविता येईल असे असावे, आणि ‘ही माहिती चुकीची आहे’ असे कळविण्याची सोय त्याच पानावर असावी. दुरुस्तीसाठी कोणाकडे जावयाचे हेही तेथेच सांगावे.

यांत अवघड असे काहीही नाही. साचा एकदा नीट केला की तो हजारो शेतकऱ्यांच्या उपयोगी पडतो, आणि एकदा बिघडला की हजारोंना बाधतो.

हंगामापूर्वीचे काम

खरिपाची धांदल सुरू होण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने आपला सातबारा, आठ-अ, आधारपत्र व बँकेचे पासबुक ही चारही शेजारी शेजारी ठेवून एकदा ताडून पाहावीत. सातबारा महाभूलेख संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. चारही ठिकाणी नाव एकसारखे आहे काय, क्षेत्र बरोबर आहे काय, निवर्तलेल्या माणसाच्या जागी वारसांची नावे लागली आहेत काय, मोबाईल क्रमांक आपलाच व चालू आहे काय, एवढे चार प्रश्न पुरेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातील शाळेत जाणारी मुले वाचून दाखवू शकतात. आणि अर्ज भरल्यावर त्याची छापील प्रत व पोच घेतल्यावाचून केंद्रावरून उठू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ग्रामसभेच्या दिवशी किंवा एखाद्या सायंकाळी देवळाच्या पारावर हे काम सामुदायिक रीतीने घडवून आणावे. ज्यांच्या नोंदी चुकल्या आहेत त्यांची यादी करावी, प्रत्येकाला कोणत्या कार्यालयात जावयाचे ते लिहून द्यावे व पुढील भेटीत त्या यादीचा पाठपुरावा करावा. विधवा भगिनी, अज्ञान वारस आणि सामाईक खातेदार यांची नावे या यादीत सर्वांत आधी घ्यावीत. कारण आपोआप भरणाऱ्या अर्जात गाळले जाण्याचे भय त्यांनाच अधिक आहे.